वरची झील, खालची झील : मुंबईतले चार दिवस

बुधवार रात्र, मिरज

महालक्ष्मी एक्स्प्रेस फलाटाला लागली तेव्हा अण्णा आणि धाकटी एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांच्या मधल्या बर्थवर मी. नाहीतरी तीन आठवडे माझी जागा तीच होती.

आमच्या समूहगानाला पंचवीस वर्षं होत आली. तीस-बत्तीस माणसं, शाळेचा एक हॉल, शनिवारी संध्याकाळी सराव. पेटी माझ्याकडे. धाकटी म्हणजे मंडळींतली वयाने सगळ्यात लहान, शाळेत संगीत शिकवते. तिने एका शनिवारी चार गटांना चार वेगळे कागद वाटले. गाणं एकच, पण प्रत्येक गटाचे सूर निराळे. दोन ओळी होतात न होतात तोच अण्णा उठले. "चार जण चार सुरांत ओरडायला लागले की त्याला बाजार म्हणतात. समूहगान म्हणजे एक सूर." धाकटीने कागद गोळा केले आणि घरी गेली.

पंचविशीनिमित्त एक छोटी पुस्तिका काढायची ठरली होती. पहिल्याच पानावर, म्हणजे 'आपण कुठून आलो' या पानावर, घोडं अडलं. अण्णांचं म्हणणं, "आपला इतिहास मिरजेत नाही, मुंबईत लालबागला आहे." अण्णा 1973 पासून 1982 चा संप होईपर्यंत तिथे गिरणीत होते. त्यांचे वडील त्याआधीपासून. गाववाल्यांच्या खोलीतल्या भजनी मंडळात दोघांनी टाळ धरलेला. संपानंतर गावी आलेल्या अण्णांनीच पुढे मिरजेत आम्हा सगळ्यांना गोळा केलं. धाकटी म्हणाली, मग मुंबईत आणखीही लोक एकत्र गात होते, तेही ऐकू. झालं, तिकिटं काढली.

गुरुवार : कोटातलं चर्च आणि फाउंटनची झील

दादरला उतरलो. मावसबहिणीकडे भोईवाड्यात सामान टाकलं, पोहे खाल्ले आणि लोकलने कोटात, म्हणजे फोर्टला गेलो. पहिला दिवस धाकटीचा, असं गाडीतच ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं.

सेंट थॉमस कॅथीड्रल 1718 च्या नाताळच्या दिवशी उघडलं. चर्चगेट हे नाव याच चर्चकडे येणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून पडलं. स्टेशनवर रोज लाखो माणसं उतरतात, पण त्यांतल्या कितींनी हे चर्च पाहिलं असेल देव जाणे. आत गार. भिंतींवर संगमरवरी स्मारकं, कोणी समुद्रात गेलेला, कोणी तापाने. धाकटीला मात्र बघायची होती गाणाऱ्यांची जागा. समोरासमोर मांडलेली बाकं, मधून वाट. तिने सांगितलं की 1860 मध्ये इथल्या बिशप हार्डिंग यांनी आणि चर्चच्या पाद्र्यांनी एक शाळा काढली, ती मुळात या चर्चला गाणारी मुलं मिळावीत म्हणून. तीच आजची कॅथीड्रल शाळा. आवाज न फुटलेल्या मुलांनी वरचा सूर घ्यायचा, मोठ्यांनी खालचे. गाणाऱ्यांसाठी शाळा! आमच्याकडे हॉलची किल्ली शिपायाकडून मिळवायला अर्धा तास जातो.

अण्णा बाकावर बसून छताकडे बघत होते. मग हळूच 'सा' लावला. तो सूर वर गेला आणि सावकाश परत आला. "हॉल चांगला आहे," एवढंच म्हणाले.

तिथून हुतात्मा चौक चालत पाच-सात मिनिटांवर. इथे अण्णांचा ताबा सुरू झाला. 1864 चं फ्लोरा फाउंटन आणि शेजारी मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचं शिल्प. 21 नोव्हेंबर 1955 ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या लोकांवर गोळीबार झाला. अण्णा तेव्हा रांगत असतील, पण सांगताना जणू ते पहिल्या रांगेत होते. ऐकीव गोष्ट इतक्यांदा सांगितली की ती आपलीच होते, त्यात त्यांचा दोष नाही.

त्या चळवळीत भाषणांइतकीच गाणी होती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक चाळीसच्या दशकातलं, गिरणी कामगारांत वाढलेलं. अण्णाभाऊ आमच्याच जिल्ह्यातले, वाटेगावचे. लहानपणी बापाबरोबर पायी मुंबईला आले. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड वरवर पाहता बायको गावी ठेवून मुंबईला आलेल्या माणसाची आणि आतून तुटलेल्या महाराष्ट्राची. अमर शेखांचा आवाज तर असा की मैदानाच्या टोकाला पोचायचा. दोघेही 1969 साली गेले, अण्णाभाऊ जुलैत, अमर शेख ऑगस्टमध्ये.

"आता ऐक पोरी," अण्णा तीन आठवड्यांत पहिल्यांदाच धाकटीशी थेट बोलले. "शाहीर ओळ टाकतो. मागे तुणतुणं, डफ, आणि झीलकरी. झीलकरी काय करतात? शेवटचा शब्द उचलतात, 'जी जी जी' करतात. का? रस्त्यावर उभा असलेला माणूस दुसऱ्या खेपेला त्यात मिसळला पाहिजे. चार कागद कुठे वाटणार होता तिथं?"

हे मला पटलं. एका सुरात गाणं म्हणजे काहीतरी कमी येतं म्हणून केलेली सोय, असं धाकटीच्या बोलण्यात अधूनमधून येतं. तसं नाही. तालीम न झालेल्या दहा हजार माणसांना दोन मिनिटांत गायला लावायचं तर एकच ओळ, एकच चाल, आणि ती सगळ्यांच्या गळ्याला झेपेल अशा पट्टीत.

धाकटी गप्प बसली नाहीच. म्हणाली, "इप्टा, ती डाव्या नाटकवाल्या-गाणाऱ्यांची संघटना, तीपण मुंबईतच सुरू झाली, 1943 च्या मे महिन्यात, मारवाडी विद्यालयाच्या हॉलमध्ये. त्याच इप्टातून आलेल्या सलील चौधरींनी पुढे पन्नाशीच्या दशकात इथे बॉम्बे यूथ कॉयर काढलं. लोकगीतंच गायची, पण सूर वाटून. ते काय कामगारांच्या विरोधातले होते का, अण्णा?"

अण्णांनी उसाचा रस मागवला. तीन ग्लास. हे आमच्यात उत्तर नसल्याचं लक्षण.

शुक्रवार : गिरगाव

गिरगावात फार फिरलो, लिहिण्यासारखं त्यातलं थोडं.

प्रार्थना समाज हे आज बसच्या पाटीवरचं नाव. 31 मार्च 1867 ला डॉ. आत्माराम पांडुरंगांनी आणि मित्रांनी तो स्थापन केला, पुढे न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर आले. मूर्ती नाही, पुजारी नाही. मग देवळात जाऊन करायचं काय? बसून एकत्र प्रार्थना करायची, तुकोबांचे अभंग गायचे. सुशिक्षित, पगडीवाले लोक माळकऱ्यांचे अभंग रविवारी बाकांवर बसून म्हणतात हे तेव्हा किती जणांना खटकलं असेल! अण्णा दारातच चप्पल काढून उभे राहिले. "टाळ नाहीत?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं, पण प्रश्न बरोबर होता.

मग विष्णु दिगंबर. हा मिरजकरांचा हळवा विषय. पलुसकर कुरुंदवाडचे, फटाक्याने डोळे गेल्यावर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. 1901 ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 ला मुंबईत. गाणं बैठकीतून काढून वर्गात आणणारा हा माणूस. वर्गात वीस मुलं एकदम गायची म्हणजे स्वरलिपी हवी, पुस्तकं हवीत, सगळ्यांचा षड्ज, म्हणजे 'सा', एक हवा. रामधून त्यांनीच सभांमधून गाऊन घरोघर पोचवली. मुंबईत मोठी इमारत उभारली, कर्ज फिटेना, इमारत गेली. 1931 ला मिरजेत वारले. सँडहर्स्ट रोडवर आम्ही तिघं बराच वेळ नुसतेच उभे होतो. कुठे बघायचं हेच कळत नव्हतं.

1930 च्या सत्याग्रहात याच भागातल्या वाड्यांमधून पहाटे प्रभातफेऱ्या निघायच्या. चालत गायचं, दारं उघडली की आणखी माणसं मागे. कोणाच्या आजीने सांगितलं असेल तर लिहून ठेवा म्हणावं, कारण आता त्या वाड्यांच्या जागी लिफ्ट आहेत. दुपारी खोताच्या वाडीत लाकडी घरं पाहिली, मिसळ खाल्ली (मिरजेपेक्षा गोड, हे मी तिथे बोलले नाही) आणि पाय सुजवून परत आले.

शनिवार : लालबाग

दत्तजयंती होती. अण्णांनी मुद्दाम हीच तारीख धरली होती.

सकाळी परळला दामोदर नाट्यगृहापाशी गेलो. ना. म. जोशींनी 1911 ला काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगने 1922 मध्ये ते कामगारांसाठी उभं केलं. कोकणातलं नमन, जाखडी, शक्ती-तुरा, डबलबारी, सगळ्यांना हे स्टेज मिळालं. 2023 च्या अखेरीस पुनर्विकासासाठी ते बंद झालं. अण्णा थोडा वेळ थांबले. "इथं मी रात्रभर डबलबारी ऐकून सकाळी सातच्या पाळीला गेलोय," म्हणाले.

डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर. एकाने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्याने आपल्या बारीत उत्तर द्यायचं. दोघांच्या मागे आपापली माणसं झील धरून. मालवण-कणकवलीकडे या मागच्या माणसांना सरळ 'कोरस' म्हणतात, हे ऐकून धाकटी हरखली. आम्हा घाटावरच्यांचं भजन वेगळं. त्यात सामना नाही. आधी रूपाचा, म्हणजे विठ्ठलाच्या रूपाचं वर्णन करणारा अभंग, मग बाकीचे अभंग, गौळण, गजर, आणि शेवटी आरती. एका चाळीत वरच्या मजल्यावर कोकणातल्यांची बारी आणि खाली आमच्यांचे टाळ. भांडणं व्हायची का, असं मी विचारलं. "भांडायला वेळ कुणाला? आमची रात्रपाळी, त्यांची दिवसपाळी. एकच खोली दोन पाळ्या झोपायची."

ही खोली बघायला आम्ही दुपारी गेलो. गाववाल्यांचा गाळा. दहा बाय बारा असेल-नसेल. एके काळी वीस-पंचवीस जण इथे राहायचे, म्हणजे पाळीपाळीने झोपायचे. भिंतीला खुंट्या आणि वर ट्रंका. जेवण खानावळीत, एखाद्या गाववालीच्या हातचं. आता गाळ्यात चार पोरं राहतात. एक कुरिअरवर, एक हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय. त्यांच्यातल्या एकाच्या आजोबांना अण्णा ओळखत होते. मग चहा आला, आणि चहामागून फळीवरची पत्र्याची ट्रंक खाली आली.

ट्रंकेत टाळांचे तीन जोड, एक फाटका पखवाज, विठोबाची तसबीर आणि मंडळाची वही.

लांबट, लाल पुठ्ठ्याची हिशेबाची वही. एका बाजूने अभंगांच्या पहिल्या ओळी, उलट्या बाजूने वर्गणी. पखवाजाची शाई, टाळांची दोरी, पंढरपूरला जाणाऱ्यांचं भाडं, एका मयताचा खर्च. महिन्याला आठ आणे माणशी. अण्णांनी चष्मा पुसला आणि बोट फिरवत वडिलांचं नाव शोधलं. 1967 च्या आषाढापुढे त्यांच्या नावावर बाकी : आठ आणे. अण्णा हसले. मग हसू थांबलं. "आषाढात गावी पेरणीला पैसे धाडले असतील." खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून त्यांनी तसबिरीपुढे ठेवलं. पोरांना काही कळलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

शेवटची नोंद जानेवारी 1982 ची. 18 तारखेला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. वर्गणीच्या रकान्यात पुढे नुसत्या रेघा. मंडळ कोणी बंद केलं नाही, माणसं एकेक करून एस.टी.त बसली एवढंच.

आणि मग धाकटीने अभंगांच्या बाजूचं एक पान पुढे केलं. काही ओळींसमोर अण्णांच्या वडिलांच्या अक्षरात चार-चार नावं, आणि त्यांच्या डोक्यावर 'वरची झील', 'खालची झील'. तिने नुसतं पान धरलं, बोलली नाही. तेवढी शहाणी आहे ती.

अण्णांनी पान वाचलं. "वरची म्हणजे तार सप्तकातली. खालची म्हणजे मध्य. सूर तोच. तुझे ते चार कागद नव्हेत."

बरोबर असेल. एका गाळ्यात पोरंही असतात आणि म्हातारेही, सगळ्यांना एक पट्टी कशी पुरणार? पण मी पेटीवाली आहे. मला एवढं कळतं की ज्याला वरचा 'सा' गाठता येत नाही तो दर वेळी खालच्या 'सा'वर जातोच असं नाही. वाटेत जिथे पाय टेकेल तिथे थांबतो.

ते रात्रीच दिसलं. त्याच चाळीच्या चौकात दत्तजयंतीचं भजन. मंडप, मायक्रोफोन, सुंठवडा. बुवा तरुण, काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी 'सा' धरून गाणारे, गळा धारदार. अण्णांना टाळ दिले. रूपाच्या अभंगाला एकाहत्तर वर्षांचा माणूस असा बसला की पाठीचा कणा सरळ. गजर चढला, लय दुप्पट, चार वेळा, सहा वेळा, बुवा वरच्या 'सा'वर जाऊन तिथेच राहिले. सगळे मागे. अण्णांचा आवाज एकदा फाटला, दुसऱ्यांदा फाटला, आणि तिसऱ्यांदा ते सरळ पंचमावर, म्हणजे खालच्या 'प'वर उतरले आणि तिथे ठाण मांडून बसले. वर सगळ्यांचा षड्ज, खाली अण्णांचा पंचम. तंबोऱ्याच्या तारांसारखं लागलं ते. मिरजेच्या माणसाने तंबोऱ्यासारखं गावं यात नवल काय, पण माझ्या अंगावर काटा आला. धाकटीने मला असं कोपर मारलं की बरगडी अजून दुखते आहे.

परतताना मी विषय काढला. "काय पंचम? मी कुठे पंचम लावला? कान तपासून घ्या."

रविवार : भायखळा, मेगाब्लॉक, गाडी

मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी 1894 ला मिशन हॉस्पिटल काढलं, त्यामुळे आमच्या शेजारपाजारी मराठी ख्रिस्ती घरं पुष्कळ. माझ्या शेजारच्या निवृत्त सिस्टरांनी बजावलं होतं, मुंबईला जाताय तर रविवारी भायखळ्याला मराठी उपासनेला जाच. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1813 पासून या शहरात. सुरुवातीच्या गीतांत इंग्रजी चालींवर बसवलेले मराठी शब्द बरेच, आणि मराठी शब्दाचा आघात इंग्रजी चालीत चेंगरतो, हे गाऊन बघितलं की कळतं. पुढे कृष्णराव सांगळे आणि रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी देशी चालींत पदं आणि अभंग लिहिले. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईतलाच, 1895 चा. त्यांच्या रचना आज 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकातून घरोघर गायल्या जातात.

पेटी, तबला, झांजा. टिळकांचं एक पद सुरू झालं आणि अण्णांनी मान डोलावली. शब्द त्यांना नवे, चाल ओळखीची. दुसऱ्या कडव्याला ते गात होते. त्यानंतर तरुणांचा गट पुढे आला आणि नाताळचं गीत मराठीतूनच, पण चार आवाजांत गायला. तेच लोक, तोच सकाळचा तास, आधी एक सूर, मग चार. कोणालाही त्यात विसंगत वाटलं नाही. बाहेर चहाच्या वेळी एका आजींनी अण्णांना विचारलं, "तुमच्याकडे बास कोण घेतं?" अण्णांना प्रश्नच कळला नाही. धाकटीने सांगितलं, "खालचा सूर हो अण्णा." अण्णा म्हणाले, "आमच्याकडे तसं नसतं." पण आवाज गुरुवारच्या इतका करडा नव्हता.

दुपारी वांद्र्याला चार आवाजांत गाणाऱ्या एका वृंदाचा सराव ऐकायचा होता. रविवार, त्यात मेगाब्लॉक, त्यात आम्ही चुकीच्या फलाटावर. पोचलो तेव्हा शेवटची वीस मिनिटं उरली होती. नोकरी-धंदा करणारी माणसं, पारशी, गोवेकर, एक मराठे. सरावानंतर तिथल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी आवर्जून थांबवून सांगितलं ते व्हिक्टर परांज्योतींबद्दल. परांज्योती अकॅडमी कोरस त्यांनी 1956 ला काढला, ते 1967 ला गेले, आणि वृंद कूमी वाडियांनी हातात घेतला. भारतात बाईने वृंदासमोर उभं राहून हातांच्या खुणांनी गाणं चालवणं तेव्हा किती दुर्मीळ! परांज्योतींनी आपल्या सुरांवर चार आवाजांची 'द्रविडियन डिथिरॅम्ब' नावाची रचना केली, ती परदेशातली वृंदंही गातात. धाकटी सगळं वहीत उतरवून घेत होती. अण्णा घड्याळ बघत होते.

रात्रीच्या गाडीत बसलो. लालबागच्या चिवडा गल्लीतून घेतलेला चिवडा फोडला. वही काही पोरांनी दिली नाही. मंडळाची आहे म्हणाले, आणि बरोबरच म्हणाले. पानांचे फोटो मात्र काढू दिले. धाकटी मोबाइलवर ते मोठे करून बघत होती. कर्जतच्या पुढे घाट सुरू झाला तसे अण्णा अचानक म्हणाले,

"शनिवारी सहाला सराव ना?"

"हो."

"पट्टी किती?"

"काळी चार," मी म्हटलं. पंचवीस वर्षं काळी चारच आहे.

अण्णांनी खिडकीची काच खाली ओढली. "वरचा 'सा' आता मला चढत नाही. तुझ्या त्या कागदांतला खालचा कुठला असेल तो मला दे. सूर नको बदलू, मोठ्या अक्षरात लिही."

धाकटी म्हणाली, "सूर तर बदलणारच की अण्णा."

"मग मोठ्या अक्षरात लिही," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.